दूध, साखर आणि लाल उजेड

छत्रपती संभाजीनगर
९ नोव्हेंबर २०२४

ती. बद्रीमामांस प्रेरणाचा सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. आईच्या तेराव्याला तुम्ही म्हणाला होता, "फोनवर माणूस 'बरं आहे' म्हणून मोकळा होतो. लिहायला बसलं की खरं येतं." त्याला वर्ष होऊन गेलं. तुम्ही आईचे चुलत भाऊ, आपली गाठ पडायची ती लग्नाकार्यातच. पण आई गेल्यावर तिच्या बाजूचं, माझी चौकशी करील असं तुमच्याशिवाय कुणी राहिलेलं नाही. म्हणून लिहिते आहे. आणि एक कामही आहे.

मी विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करते, एवढं तुम्हाला माहीत आहे. नेमकं काय करते ते कुणी विचारत नाही, म्हणून सांगते. मी एक पांढरी पूड बनवली आहे. तिच्यात युरोपियम नावाचा धातू आहे. ती पाण्यात कालवून काचेच्या नळीत घ्यायची आणि तिच्यावर अतिनील दिवा धरायचा. नळी लाल उजळते, डाळिंबाच्या दाण्यासारखी. त्या पाण्यात व्हॅनिलिन असलं तर उजेड मंदावतो. जितकं जास्त, तितकी नळी विझत जाते. व्हॅनिलिन म्हणजे वासासाठी घालतात ते द्रव्य. बिस्किटात, आइस्क्रीममध्ये, मिठाईत, सगळीकडे असतं. त्यानं कुणाला अपाय होत नाही, पण घातलंय हे सांगत नाहीत तेव्हा ती फसवणूकच.

तीन वर्षं झाली. उजेड मोजायचा म्हणून खोलीला काळे पडदे आहेत. आमचे सर जूनमध्ये निवृत्त झाले, आठवड्यातून एकदा येतात. बरोबरची मुलं गेली. दिवसभर मी, तो दिवा आणि नळ्या. संध्याकाळी बाहेर आले की रिक्षावाल्याशी बोलताना माझाच आवाज मला नवा वाटतो.

यावर मी एका नियतकालिकाला लेख पाठवला आहे, त्याचे परीक्षक आता विचारतात, ही पूड खऱ्या पदार्थांवर चालते का? मी गुलमंडीतून बर्फी, कुल्फी, बिस्किटं आणली. पण ज्यात काहीच घातलेलं नाही याची खात्री आहे असा एक पदार्थ हवा, म्हणजे बाकीचे त्याच्याशी ताडून बघता येतील. तुमच्या दुकानावरची पाटी आठवली. 'फक्त दूध आणि साखर.' आई म्हणायची, बद्रीच्या पेढ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा.

पाठवाल का पावशेर?

तुमची,
प्रेरणा


फुलंब्री
१७ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेरणास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझं अक्षर तुझ्या आईसारखं आहे, 'र' तसाच लांब ओढलेला.

पेढे सरिताजवळ पाठवलेत. ही आमच्या शेजारची सून, तिकडं शहरात कचेरीत कामाला आहे, रोज बसनं जाणं-येणं करते. इथून पुढं तीच आपलं पोष्ट.

माझं काय सांगू. सकाळी घरच्या म्हशीचं दूध काढतो, भट्टी पेटवतो. मी कढईत उलथनं फिरवतो अन् कडुबा जाळ बघतो. कडुबाला तू पाहिलं असशील, उंच, काळा, डोक्याला कायम टॉवेल. चाळीस वर्षं झाली आम्ही दोघं त्या कढईपाशी उभं आहोत. पहिलं दोघं लई बोलायचो. आता बोलायचं सगळं संपल्यासारखं झालं. तुझी आशामामी जाऊन साडेतीन वर्षं झाली. ती होती तवा आतून आवाज द्यायची, 'जेवायला या', अन् आम्ही मुद्दाम उशीर करायचो. आता कोणी बोलवत नाय तर दोघंबी वेळेवर जेवतो.

तुझ्या पुडीचं वाचून कडुबाला सांगितलं. म्हणलं, पोरगी आपला पेढा समद्यात चोख म्हून धरणार आहे. तो जाळ सारत राहिला. त्याला त्यातलं कळलं नसंल.

पेढा खाऊन कसा झालाय ते लिही. चव, वास, सगळं लिही. मला कोणी सांगत नाय.

तुझा मामा,
बद्रीनाथ


छत्रपती संभाजीनगर
२ डिसेंबर २०२४

ती. बद्रीमामांस सा. नमस्कार.

पेढे मिळाले. छान होते.

एक अडचण आली आहे. तुमच्या पेढ्याचा अर्क घातल्यावर माझी नळी मंदावली. तसं व्हायला नको होतं. मला वाटतं माझी पूडच बिघडली असावी, किंवा दुधातल्या कशाला तरी ती फसत असेल. तसं असेल तर तीन वर्षं पाण्यात गेली, पण ते नंतर बघू.

अजून एकदा पाठवता का? शक्य झालं तर तुमच्या स्वतःच्या हातचे, आणि त्यात काय काय पडलं ते लिहून.

प्रेरणा


फुलंब्री
१० डिसेंबर २०२४

चि. प्रेरणास आशीर्वाद.

तुझी पूड बिघडली वाचून वाईट वाटलं. तीन वर्षं म्हणजे खेळ नाय.

हे पेढे माझ्या हातचे. म्हशीचं दूध दहा लिटर, साखर, थोडी वेलची. दुसरं काय नाय. दूध आटवलं मी, खवा भाजला मी, साखर मी घातली. नंतर एक गिऱ्हाईक आलं म्हून दुकानात गेलो तेवढं कडुबानं घोटलं. वळले पुन्हा मीच.

कडुबा विचारत होता, "तिचं यंत्र धरतं काय?" म्हणलं, "भेसळ धरतं." तर म्हणाला, "मग आपल्याला काय भ्या." अन् पेढे डब्यात भरताना लई निगुतीनं भरले, कागद बदलला दोनदा.

मागच्या पत्रात चवीचा तू एकच शब्द लिहिलास. या बारीला नीट लिही.

तुझा मामा,
बद्रीनाथ


फुलंब्री
८ जानेवारी २०२५

चि. प्रेरणास आशीर्वाद.

महिना होत आला, तुझं पत्र नाय. सरिताला विचारलं, म्हणाली डबा तुझ्या हातात दिला, तू नुसतं 'ठेवा' म्हणालीस. फोन करावा वाटला, पण फोनवर तू 'बरं आहे' म्हणशील अन् मीबी.

तू का गप्प बसलीस त्याचा मी अंदाज केलाय. पेढा करपट लागला असंल. तुला तोंडावर सांगवत नसंल. म्हून जे कोणालाच सांगितलं नाय ते तुला लिहून टाकतो.

मला वास येत नाय. एकवीस साली आम्ही दोघंबी करोनानं दवाखान्यात होतो. तुझी मामी गेली, मी आलो. घरी आलो तवापासून वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाला महिनाभरात येईल. पुढं मी विचारणं सोडलं. जिभेला गोड कळतं, खारट कळतं, बाकी सगळं कागद चघळल्यासारखं. पूर्वी मी रस्त्यापलीकडं चहा पीत बसलो तरी सांगायचो, कडुबा, जाळ कमी कर, दूध लागतंय. आता कढईवर वाकून उभा राहतो अन् काय कळत नाय. रंग बघतो, बुडबुडा बघतो, अंदाजानं उतरवतो. मिठाईवाल्याला नाक नाय हे लोकांना कळलं तर पेढा कोण घेईल? म्हून गप राहिलो.

मामीच्या लुगड्यांची पेटी उघडली होती एकदा. तोंड खुपसून बसलो. काय नाय. तवापासून तिला कुलूप आहे.

पेढा लागलेला असंल तर तसं लिही. मला राग येणार नाय.

तुझा मामा,
बद्रीनाथ


छत्रपती संभाजीनगर
१५ जानेवारी २०२५

ती. बद्रीमामांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मला माझी लाज वाटली. आता मीही सगळं लिहिते.

पेढा करपट लागला नाही. वास चांगला होता, फार चांगला. आणि माझी पूड बिघडलेली नव्हती. डिसेंबरभर मी तेच तपासत होते. दूध विकत आणून खोलीतल्या शेगडीवर आटवलं, त्यात साखर घातली, त्याचा अर्क काढला; नळी लाल राहिली. वेलची वेगळी घालून बघितली, लाल. तुमचा दुसरा डबा घातला तर पहिल्यापेक्षा जास्त विझली. सरांनी त्यांच्या ओळखीच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रावर पाठवून खात्री करून घेतली. तुमच्या पेढ्यात व्हॅनिलिन आहे, मामा. बाहेरून घातलेलं.

आता वाईट ते. मला वाटलं, तुम्हीच घालता. तुम्ही यादी लिहून पाठवली, 'दुसरं काय नाय' लिहिलं, आणि नळी माझ्यासमोर विझत गेली. तुमचा इतका राग आला की लिहायला बसले आणि कागद फाडले, तीन वेळा. आईचा विश्वास तुम्ही मोडला असं वाटलं. माझी पूड खरी ठरली त्या दिवशी मी खोलीत एकटीच होते. तीन वर्षांचं काम बरोबर निघालं आणि मी पडद्यामागं बसून रडले. आनंद कुणाला सांगू, ते कळेना. ज्यांना सांगितला असता ते तुम्हीच होता.

तुमचं पत्र आल्यावर लक्षात आलं, तुम्हाला तो वास आलेलाच नाही. म्हणजे तुम्हाला माहीत नाही.

घोटताना तुम्ही दुकानात गेला होता. त्या वेळी कढईपाशी कडुबाकाका होते. मी कुणाचं नाव घेत नाही. पण तुम्ही विचारा.

आणि वासाचं तुम्ही मला सांगितलंत, ते माझ्याजवळच राहील.

प्रेरणा


फुलंब्री
२९ जानेवारी २०२५

चि. प्रेरणास आशीर्वाद.

विचारलं.

तुझं पत्र खिशात घालून दोन दिवस फिरलो. तिसऱ्या दिवशी भट्टी पेटवायच्या आधी विचारलं, "कडुबा, पेढ्यात तू काय घालतोस?" त्यानं लाकडं खाली ठेवली. नाय म्हणाला असता तर मी मानलं असतं. चाळीस वर्षांत तो माझ्याशी खोटं बोललेला मला ठाऊक नाय. तो उठला अन् जळणाच्या मागून बाटली काढून माझ्यापुढं धरली. बोटाएवढी, पिवळी, वासाच्या इसेन्सची.

"कवापासून?"

"बावीसच्या दिवाळीपासून."

मग त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

म्हणाला, "तू दवाखान्यातून आलास, त्यानंतर एक दिवस मी 'लागलं' म्हून वरडलो. तू कढईत बघत राहिलास, अन् मला म्हणालास, 'कुठं?' मला तवाच कळलं तुझं नाक गेलं. पुन्हा मी बोललो नाय. दिवाळीला साखरपुड्याचे पेढे केले होते आपण, ते लोक परत घेऊन आले. धुराचा वास मारतो म्हणाले. तू घरात होतास. मी सांगितलं, मालकाचं काय नाय, जाळ माझा चुकला. त्यांनी दुकानात उभं राहून मला बोल लावला. तू बाहेर आलास तवा ते निघून गेले होते. मग शहरात गेलो अन् बाटली आणली. दुकानदार म्हणाला, दोन थेंबात समदा करपट वास झाकतो."

म्हणलं, "मला सांगायचं होतंस."

"सांगून तू भट्टी बंद केली असतीस. वैनी गेल्यावर तू दुसरं काय करत होतास रं? दिवसभर भिंतीकडं बघत बसायचास. एवढी कढईच होती तुला उठवायला."

अन् शेवटी म्हणाला, "वासाचे थेंब म्हंजे भेसळ, हे माझ्या ध्यानातच आलं नाय. भाचीला चांगला वास यावा म्हून त्या दिवशी चार थेंब जास्त घातले."

प्रेरणा, इथं मी चुकलो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाटीकडं बोट दाखवून म्हणलं, "माझ्या बापानं लिहिलेली पाटी आहे ती. तू मला लबाड केलंस. गावभर खोटं खाऊ घातलंस माझ्या हातानं." अजून बरंच बोललो, ते लिहीत नाय. त्यानं बाटली ओट्यावर ठेवली, डोक्याचा टॉवेल काढून झटकला, पुन्हा बांधला अन् गेला. नंतर कळलं, वैजापूरला लेकीकडं गेला.

दुसऱ्या दिवशी एकट्यानं भट्टी पेटवली. खवा उतरवला, रंग चांगला दिसला. सरिताला चाखायला दिला. तिनं तोंडात घेतला अन् पदर लावला तोंडाला. "काका, जळलाय हो," म्हणाली.

सगळा म्हशीपुढं ओतला. तिनंबी अर्धाच खाल्ला.

बद्रीनाथ


छत्रपती संभाजीनगर
६ फेब्रुवारी २०२५

ती. बद्रीमामांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही. कडुबाकाकांना मी तुमच्यापासून तोडलं असं वाटत राहतं. माझ्या नळीला एवढंच कळतं की व्हॅनिलिन आहे की नाही. कुणी घातलं, का घातलं, ते तिला कळत नाही आणि मला विचारायला सुचलं नाही.

तुम्ही त्यांच्यावर रागावलात ते मला समजतं. पण एक सांगते. आईच्या आजारपणात शेवटचे दोन महिने मला डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. मी तिला सांगितलं नाही. रोज म्हणायचे, औषध लागू पडतंय. ती ऐकून घ्यायची. तिला माहीत होतं की नाही ते मला अजून कळलेलं नाही, आणि आता कळणारही नाही. मी ते तिच्यासाठी केलं की तिच्याशेजारी बसणं मला सोपं जावं म्हणून, याचा विचार मी काळ्या पडद्याच्या खोलीत बसून फार करते. कडुबाकाकांना निदान तुम्ही विचारलंत. त्यांना सांगता आलं.

माझा लेख पुढच्या आठवड्यात दुरुस्त करून परत पाठवायचा आहे. तुमच्या पेढ्याचे आकडे त्यात घालू का? दुकानाचं किंवा गावाचं नाव येणार नाही, नुसता नमुना क्रमांक सात. तुम्ही नको म्हणालात तर काढीन.

वैजापूरला जाऊन या, मामा.

तुमची,
प्रेरणा


फुलंब्री
३ मार्च २०२५

चि. प्रेरणास अनेक आशीर्वाद.

आकडे घाल. सात नंबर म्हून घाल. खरं आहे ते खरं आहे.

पाटी मी उतरवली. येणाऱ्या गिऱ्हाइकाला एकेकाला सांगितलं, सव्वादोन वर्षं माझ्या पेढ्यात इसेन्स होतं, मला माहीत नव्हतं, पण पेढा माझा होता. अन् नाक गेल्याचंबी सांगून टाकलं. काही लोक गप निघून गेले. एक म्हातारे मास्तर म्हणाले, बरं झालं सांगितलं. अन् तिघं-चौघं काय म्हणाले माहीत आहे? "तसेच करा की, तेच चांगले लागत होते."

मग वैजापूरला गेलो. जाताना तुझ्या शहरात बस बदलायची होती. स्टँडवर तासभर बसून होतो. तुला फोन लावायला काढला अन् खिशात ठेवला. तू कामात असशील वाटलं. खरं म्हणशील तर, वैजापूरहून काय घेऊन परतणार ते ठाऊक नव्हतं म्हून तुला तोंड दाखवायचा धीर झाला नाय.

कडुबाच्या लेकीचं घर मार्केट यार्डाच्या मागं आहे. तो ओट्यावर बसून कांद्याच्या गोण्या शिवत होता. मला बघून सरकला अन् जागा दिली. मी बसलो. लेकीनं चहा आणला. दोघांनी चहा पिला.

म्हणलं, "चल फुलंब्रीला."

म्हणाला, "गुडघे गेलेत, बद्री. जाळापुढं उभं राहवत नाय. दोन वर्षं झाली राहवत नव्हतं."

"मग राहिलास कशाला?"

त्यानं सुई गोणीत अडकवली अन् माझ्याकडं बघितलं.

मी म्हणलं, "त्या दिवशी लई बोललो मी तुला."

तो म्हणाला, "बोललास ते बरं झालं. वैनी गेल्यापासून तू माझ्यावर कवा रागावलाच नव्हतास. साखर जास्त पडो, दूध नासो, तू नुसतं 'असू दे' म्हणायचास. मला वाटायचं, हा माणूसबी गेला अन् मी नुसतं अंग सांभाळतोय. त्या दिवशी तू वरडलास तवा मी रस्त्यानं रडत गेलो खरा, पण मनात म्हणलं, बद्री आहे अजून."

प्रेरणा, मी एवढा म्हातारा, पण त्याच्या लेकीदेखत मला हुंदका आवरला नाय.

तो परत येणार नाय. मीच पंधरा दिवसांनी जाऊन येत जाईन. भट्टी मी बंद केली. दूध आता डेअरीला जातं. सकाळी नेहमीच्या वेळेला जाग येते अन् मग लई वेळ अंथरुणात पडून राहतो. दिवसाचं काय करावं ते अजून कळलेलं नाय. घर लई शांत आहे. पण खोटं काय राहिलं नाय घरात.

एक मागणं आहे. डिसेंबरात तू माझ्यावर रागावलीस अन् महिनाभर गप बसलीस. तीन कागद फाडलेस म्हणतीस. ते फाडायचे नव्हते. पुढं कवा राग आला तर रागाचं पत्र लिही, चांगलं लांबलचक लिही, वाट्टेल ते बोल लाव. मी वाचीन. पण गप राहू नको.

अन् पुढच्या खेपेला स्टँडवर उतरलो की मी फोन करीन. उचल.

तुझा मामा,
बद्रीनाथ